दोन्हीकडे एकच सूर

चोपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा गळ्यात अकॉर्डियन अडकवलं तेव्हा पहिला आवाज माझ्या कमरेतून आला. दुसरा अकॉर्डियनमधून आला, आणि तो ऐकून शेजारची चंद्रव्वा पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"शरणम्मा, म्हस रडाय लागलीय का काय कुणाची?"

आमच्या बाळीवेशीतल्या बोळात गेली वीस वर्षं कुणाकडे म्हैस नाही. पण चंद्रव्वाला बोलायला कारण लागत नाही. मी तिला म्हटलं, "तू भाकरी बघ, करपंल तिकडं." का वाजवतेय ते मी सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर रडू आलं असतं, आणि चंद्रव्वासमोर रडलं की चहाच्या वेळेपर्यंत अख्ख्या बोळाला कळतं.

ते अकॉर्डियन आमच्या यजमानांचं. नाव रुद्रप्पा. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो सुधारणारे. चाळीस माग एकदम धडधडत असायचे आणि हे दारात उभं राहून सांगायचे, तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या मागाचा धोटा अडतोय. जाऊन बघावं तर खरंच अडत असायचा. मालक म्हणायचा, रुद्रप्पाला डोळे नसते तरी चाललं असतं. यजमान ते घरी येऊन मला सांगायचे, वर्षातून चारदा तरी. तेवढीच त्यांची फुशारकी, बाकी माणूस गरीब.

तीस वर्षांपूर्वी एका जुन्या शाळेचं सामान निघालं होतं, त्यात बाकं, घड्याळं, नकाशे, आणि हे काळं धूड. एका अंगाला गोल बटणांच्या दोन ओळी, एकवीस बटणं. दुसऱ्या अंगाला आठ. मधे भाता. यजमानांनी ते सायकलला बांधून आणलं. सोलापुरात पेटी शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, हे बटणांचं शिकवणारा एकही मिळाला नाही. मग ते स्वतःच शिकले. ते तीन वर्षं शिकले आणि तीन वर्षं आम्ही ऐकलं. मी त्या अकॉर्डियनला सवत म्हणायचे. रविवारी सकाळी ते छातीशी धरून बसले की माझं डोकं फिरायचं, कारण घरात माणूस असून पाणी मीच भरायचं, दळायला गिरणीत मीच जायचं.

आमची मुलगी दानेश्वरी तेव्हा तान्ही होती. रात्रंदिवस किंचाळायची. तिला निजवायला यजमानांनी स्वतःच एक गाणं रचलं. गाणं कसलं, दोन ओळी.

गाडी गेली होटगीला,
झोप आली दानव्वाला.

एवढंच, पुन्हा पुन्हा. अकॉर्डियन वाजवत म्हणायचे आणि पोरगी खरंच निजायची. यजमानांनी जन्मात दुसरं गाणं म्हटलं नाही. देवळात आरती चालू असली तरी हे बाहेर चपलांपाशी उभे. गायचं ते एवढंच, आणि तेही अकॉर्डियन हातात असेल तरच. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी रविवारी होटगीची गाडी सुटायचीच.

यंदा जानेवारीअखेर गड्ड्याची जत्रा उठल्यावर तिसऱ्या दिवशी यजमान न्हाणीत पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. पाय थोडा परत आला. काठी धरून संडासापर्यंत जातात. हात आला नाही, आणि तोंडातून "अं" याच्यापलीकडे काही निघेना. कळतं सगळं. मी भाजीत मीठ विसरले की अजून बरोबर ताट सरकवतात. पण शब्द येत नाही. ओठ हलवतात, घशाच्या शिरा फुगतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग मान खाली घालतात.

आम्ही सगळ्यांनी त्यांना धीर दिला. म्हणजे थापा मारल्या. दवाखान्यात मी म्हटलं, आठ दिवसांत बोलाय लागताल. आठ दिवस झाले. मग शिवरात्रीपर्यंत म्हटलं. शिवरात्र झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तब्येत लई सुधारली की. यजमान ऐकून घ्यायचे आणि डाव्या हातानं त्याच्या हातावर दोनदा थोपटायचे. पाहुणा खूश होऊन जायचा. मला मात्र ते थोपटणं कळायचं. लहान पोरानं काहीतरी थाप मारली की आपण कसं बरं बरं म्हणतो, तसं ते होतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला वैष्णवी मॅडम म्हणून एक मुलगी यायची. वय सव्वीस-सत्तावीस, पण कामाला चोख. ती थाप मारायची नाही. एक दिवस मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, "काकू, स्पष्ट सांगते. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येतं तेवढं येतं. नंतर फार हळू होतं. पण बोलणं आणि गाणं यांची मेंदूतली जागा अगदी एक नसते. पाणी हा शब्द न येणारे पेशंट अख्खी आरती म्हणतात, मी बघितलंय. काकांचं पाठ असलेलं काही आहे का? आयुष्यभर म्हटलेलं?"

मी म्हटलं, एकच आहे.

मी म्हणून बघितलं. माझा गळा म्हणजे पिठाची गिरणी. यजमानांनी तोंड फिरवलं. मग दानेश्वरीच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ निघाला, तिनं गेल्या दिवाळीला काढलेला. यजमान खुर्चीत बसून वाजवतायत, ओठ हलतायत, वीसेक सेकंद. आणि बाराव्या सेकंदाला स्वयंपाकघरातून माझा आवाज येतो, "बंद करा की ते, डोकं उठलं." त्यानंतर सूर तुटतो आणि ते कॅमेऱ्याकडं बघून हसतात. तीस वर्षांच्या वाजवण्याचा आमच्या घरात तेवढाच पुरावा. तो लावला की यजमानांचे ओठ थरथरायला लागायचे. मॅडम पुढं सरकायची. आणि तेवढ्यात माझा आवाज यायचा आणि ओठ मिटायचे. दानेश्वरीनं माझा आवाज कापून पाठवला, पण मग सूर मधेच तुटायचा आणि गाडी होटगीला पोचायचीच नाही. दहा वेळा लावलं. अकराव्या वेळी त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला.

म्हणून मी अकॉर्डियन शिकायला घेतलं. फेब्रुवारी संपत आला होता. सहा महिन्यांतला एक गेलाच होता आणि माझ्याकडे पाच होते.

मी आणि चंद्रव्वा कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतो. तीस वर्षं तव्यावर हात भाजून माझ्या बोटांची टोकं मेली आहेत. गरम तवा मी फडक्याशिवाय उचलते, त्याचं मला कौतुकही होतं. आता त्या बोटांना बटण कळेना. दोन बटणांवर एकदम बोट पडायचं. डाव्या हातानं भाता हलवायचा तर उजवा हात विसरायचा, उजवीकडे बघितलं तर भाता थांबायचा. पट्टा मानेत रुतायचा. वजन असं की उठताना खुर्ची धरायला लागायची. पेटीचे दोन मास्तर विचारून बघितले. एकानं हात जोडले. दुसरा म्हणाला, "मावशी, हे आपल्यातलं वाद्य न्हाय. भजनाची पेटी शिका, पुण्य बी लागंल." पुण्य घेऊन मी काय करू?

व्हिडिओ थांबवून थांबवून मी यजमानांची बोटं बघायचे. कुठलं बटण दाबलं, मग कुठलं. जे सापडेल त्या बटणावर टिकली चिकटवायची. पहिल्याला लाल, दुसऱ्याला हिरवी, तिसऱ्याला काळी. माझी ही युक्ती ऐकून दानेश्वरी फोनवर म्हणाली, "अव्वा, तू कमालच हायस की." मलाही तसंच वाटत होतं.

यजमान समोर खाटेवर बसून बघायचे. जगात हे वाद्य मला शिकवू शकणारा एकच माणूस, तो चार फुटांवर, आणि त्याच्या तोंडाला कुलूप. मी वाजवायला लागले की त्यांचा डावा हात उठायचा. तळवा छातीपासून लांब जायचा, मग परत छातीकडे यायचा. लांब, जवळ. लांब, जवळ. डोळे माझ्यावर रोखलेले. मला वाटायचं, म्हणतायत की घेऊन जा ते इथून. तीस वर्षं मी तेच म्हणत आले होते, आता त्यांची पाळी. मी म्हणायचे, "ठेवते, ठेवते." ठेवायला उठले की ते जोरात मान हलवायचे आणि हात परत छातीकडे. म्हणजे आण.

"न्यावं का ठिवावं, येकदा ठरवा तुमी," असं मी एकदा चिडून बोलले. त्यांनी हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी परत सुरू, लांब, जवळ.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार आली. ऊन असं की बोळातली कुत्रीसुद्धा गटाराच्या फरशीखाली गेलेली. माझा एक हात भाकऱ्या थापून भरून आला होता, मन लागत नव्हतं, नुसती बसायचं म्हणून बसले होते. भाता उघडाच राहिला होता. टिकल्या बघत बोटं टाकली, लाल, हिरवी, लाल, काळी, भाता आपोआप मिटत गेला, मधे जरा ओढला गेला. आणि सूर आला. तोच. गाडी गेली होटगीला, जसा रविवारी यायचा तसा.

"गा," यजमान म्हणाले. मग घसा फुगला, मान पुढं आली. "डी."

ते स्वतःच दचकले होते. त्यांनी डाव्या हातानं आपला ओठ धरून बघितला. मग परत म्हणाले, या वेळी सलग, "गाडी."

मी रडत रडत बोळात गेले आणि चंद्रव्वाला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. दानेश्वरी फोनवर रडली. वैष्णवी मॅडम रिक्षा करून आली, तिचा यायचा वार नसताना. म्हणाली, "काकू, हेच. रोज हेच वाजवायचं. एकदा शब्द आला म्हणजे वाट आहे." तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. आता सगळं माझ्या दहा बोटांवर होतं.

आणि ते परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसले. लाल, हिरवी, लाल, काळी. वेगळंच काहीतरी वाजलं. परत केलं, तिसरंच. बटणं तीच, क्रम तोच, टिकल्या जागच्या जागी, आणि सूर कधी हा तर कधी तो. यजमान खाटेवरून पुढं झुकून "गा" म्हणायचे, ओठांचा चंबू करून वाट बघायचे, आणि मी चुकीचा सूर त्यांच्या तोंडावर मारायचे. पुढचा शब्द यायचा नाही. चार-पाच दिवस असंच. सहाव्या दिवशी "गा"सुद्धा आलं नाही. त्यांचा हात मात्र आता थांबेचना. लांब, जवळ, लांब, जवळ, इतक्या जोरात की एकदा पाण्याचा तांब्या उडाला. मी तांब्या उचलला आणि ओरडले, "मला काय हौस हाय व्हय? तुमच्यासाटीच करतीय न्हवं?" ते भिंतीकडे बघत बसले. मला वाईट वाटलं, पण मी तसं बोलले नाही.

चंद्रव्वा बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. तिला बोलावलं. मी लाल टिकलीचं बटण दाबून धरलं आणि भाता आत-बाहेर केला. आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा.

"यव्वा," चंद्रव्वा म्हणाली. "सूर फुटलाय की गं ह्येचा. पेटीची पट्टी दाबली की सूर त्योच. भाता कसा बी हलीव. हितं तर येका बटनात दोन सूर निगालेत."

मला हायसं वाटलं. चूक माझी नव्हती. महिनाभर माझ्या बोटांना मी शिव्या घालत होते आणि बिघाड वाद्यात होता. आणि यजमानांचा तो हात? तोही लागलीच कळला. घेऊन जा आणि घेऊन ये. दुरुस्तीला ने, म्हणून बिचारा माणूस तेव्हापासून सांगतोय आणि मी त्याच्यावर ओरडतेय. मी त्यांच्यापुढं बसून म्हटलं, "कळालं मला. मिस्त्रीकडं नेती. नीट करून आनती." ते "अं, अं" करत मान हलवायला लागले. मी म्हटलं, "पैशाची काळजी करू नका." त्यांनी माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला आणि रिक्षा बोलावली.

शिवू मिस्त्री मधल्या मारुतीजवळ बसतो. साठीचा माणूस, पण सगळे शिवूच म्हणतात. आमच्या भागातल्या सगळ्या भजनी पेट्या त्याच्या हातातल्या. त्यानं अकॉर्डियन उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग मला दाखवलं. प्रत्येक बटणाच्या वाटेवर दोन पाती, बोटाच्या पेराएवढ्या, पोलादी. एक भाता दाबताना वाजते, एक ओढताना.

"दोन्ही येक पायजेत," तो म्हणाला. "पर हितं बगा, ह्यो येक आन त्यो भलताच. सगळ्या बटनांचं तसंच झालंय. लई वर्सं पडून हुतं का?"

"वाजवत हुते की."

"मंग असं कसं वाजवत हुते?" त्यानं कान खाजवला. "काम चिवट हाय. येकेक पात काडून घासाय लागंल. काय ठिकाणी डाग देऊन जड कराय लागंल. पर करतो. रुद्रप्पानं आमच्या भावाला नोकरीला लावलंवतं."

आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत यजमान जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचे. वैष्णवी मॅडमनं "गाडी" म्हणायला सांगितलं तर नुसतं बघितलं. मी त्यांना समजावत होते, आता आलंच, नीट होऊन येतंय. मी खरं सांगते, त्या आठवड्यात मी मनातून खूश होते. आता सगळं जुळणार होतं.

अकॉर्डियन आणताना शिवू मिस्त्री स्वतः बरोबर आला. आमच्या खोलीत बसून त्यानं एकेक बटण दाबून भाता आत-बाहेर करून दाखवला. आत जाताना जो सूर, तोच बाहेर येताना. सगळ्या बटणांना. "आता कशी भजनाच्या पेटीवानी झाली," तो म्हणाला. चहा घेतला, मजुरी अर्धीच घेतली आणि गेला.

मी पट्टा गळ्यात घातला आणि टिकल्यांवर बोटं टाकली. लाल, हिरवी, लाल, काळी. गाडी निघाली नाही. परत टाकली. निघाली नाही. सूर आता बदलत नव्हते, दर वेळी अगदी तेच येत होते, पण ते गाण्याचे नव्हते. दोन सूर लागत होते आणि त्यांच्या मधले कुठंच नव्हते. मी एकवीसची एकवीस बटणं दाबून बघितली. नव्हतेच.

मग यजमान काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांनी डावा हात पुढं करून लाल टिकलीचं बटण दाबलं. माझ्याकडं बघितलं. मी भाता दाबला. सूर आला. त्यांनी बोट तसंच ठेवलं आणि कोपरानं माझ्या हाताला बाहेर ढकललं. मी भाता ओढला. तोच सूर आला.

त्यांनी परत तसंच करायला लावलं. दाब. ओढ. तोच सूर. बोट दुसऱ्या बटणावर. दाब, ओढ. तिसऱ्यावर. मग ते बोट काढून त्यांनी हात उचलला आणि तळवा छातीपासून लांब नेला, जवळ आणला. सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसा. लांब म्हणजे ओढ. जवळ म्हणजे दाब. फेब्रुवारीपासून ते मला तेवढंच सांगत होते. एकाच बटणात दोन सूर असतात, एक जाताना, एक येताना. गाणं दोन्ही मिळून होतं.

आणि मी तोंड उघडायच्या आत यजमानांनी तो हात आपल्या कानाला लावला. कान झटकला, पाणी गेल्यावर झटकतात तसा. परत बटण दाबलं, मला खुणावलं, मी यंत्रासारखा भाता हलवला. ऐकलं. मग बोट कपाळाला लावलं, जिथून बोलणं गेलं म्हणून मॅडमनं त्यांना चित्रात दाखवलं होतं तिथं, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. आतापर्यंत वाचा गेली होती, हात गेला होता. आता त्यांना वाटलं, कान पण गेला. चाळीस मागांतला एक माग ओळखणारा कान.

"न्हाय," मी म्हटलं. "अहो, न्हाय. तुमचा कान नीट हाय. मी मोडलं. मिस्त्रीकडून घासून आनलं. मला वाटलं बिगडलंय."

त्यांनी ऐकून घेतलं.

मी दानेश्वरीला फोन लावला, स्पीकर चालू केला. तिनं तिथल्या तिथं शोधून सांगितलं, "अव्वा, ते तसंच असतंय. माऊथ ऑर्गनला कसं, फुंकलं की एक, ओढलं की एक. अप्पा, तुमचं बरोबर हाय, ऐकताय ना?" दुसरं एखादं कुठं मिळतंय का बघते, असंही म्हणाली. दोन मिनिटांचं काम होतं ते. मी तिला आधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी शिवू मिस्त्रीला परत बोलावलं. तो यजमानांपुढं उकिडवा बसला आणि कान धरून म्हणाला, "दादा, माझ्या हातानं घासलंय मी. तुमचा काय बी दोष न्हाय." मी त्याला म्हटलं, होतं तसं परत कर. तो म्हणाला, घासलेलं परत कुठून आणू, पाती कागदासारख्या झाल्यात. शेवटचा उपाय म्हणून व्हिडिओ लावला, जुने सूर ऐकून तरी पटेल म्हणून. यजमानांनी डावा हात डाव्या कानावर ठेवला. उजवा कान झाकायला हात नव्हता, म्हणून तो त्यांनी उशीत दाबला.

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "माझी चूक हाय. माझ्यामुळं झालं. देवाच्यान खरं सांगती." लग्नाला एकतीस वर्षं झाली. या तोंडानं मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं, कशाबद्दलच. करपलेल्या भाकरीचा दोषसुद्धा मी कधी अंगावर घेतला नव्हता.

यजमानांनी उशीतून डोकं उचललं. माझ्याकडं बघितलं, अर्ध्या तोंडानं हसले, आणि डाव्या हातानं माझ्या हातावर दोनदा थोपटलं.